दुपारी सव्वा वाजता

जुना सर्व्हर कायमचा बंद करण्याआधी आठवडाभर त्याच्या डिस्कवर नजर ठेवायची, असा ऑफिसचा नियम होता. प्रणितानं डिस्कची हालचाल दाखवणारी आयओस्टॅट कमांड चालू ठेवली. दिवसभर सगळे आकडे शून्य असायचे, फक्त दुपारी सव्वा वाजता डिस्क दोन सेकंद हलायची. तिनं शोध घेतला, तर ठरल्या वेळी आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट निघाली, मुकुंदनं लिहिलेली. मुकुंद सहा वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला होता. ती स्क्रिप्ट रोज चिक्कडपल्ली भागातल्या एका नंबरवर दोन शब्द पाठवत होती : ‘आई, जेवलो.’

प्रणितानं त्या नंबरवर फोन लावला.

“काकू, मी प्रणिता. ऑफिसात मुकुंदच्या शेजारी बसायचे. तुम्हाला दुपारी मेसेज येतो ना, तो पाठवणारं मशीन आज बंद करतोय. तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या मशीनवर चालू ठेवते.”

“नको. तो गेला त्या दिवशी त्याला हॉलमध्ये निजवलं होतं, तेव्हाही मेसेज आला, बरोबर सव्वा वाजता. तेव्हाच कळलं, एवढ्या वर्षांत एकही त्यानं स्वतः पाठवला नव्हता.”

प्रणितानं मशीन बंद करायची कमांड टाइप करून ठेवली होती. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

“तू शेजारीच बसायचीस ना बेटा?” काकूंनी विचारलं. “मग एवढंच सांग. तो जेवायचा का?”