मोठी रबरं

वीरेश उद्यमनगरात रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि भिंतीपलीकडं पिठाची गिरणी चालायची. म्हणून त्यानं कान गच्च बंद करणारे इअरफोन आणले, तिन्ही मापांची रबरं गिरणीच्या दारात घालून बघितली आणि मोठी ठेवली. त्याची माती होऊन आज पाचवा दिवस. भेटायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच हेल काढायची आणि त्याच्या बायकोनं, शिवलीलानं, तिच्या गळ्यात पडून नव्यानं रडायचं. तिला रडूच येईना. शेवटी तिनं त्याच इअरफोनला लहान रबरं चढवून ते पदराआड कानांत घातले. मग समोरचीचे खांदे हलले, की तीही हलवायची. गर्दी ओसरल्यावर सासूनं तिचा पदर बाजूला केला. आता बोलणी बसणार म्हणून शिवलीलानं दोन्ही काढले. सासू म्हणाली, “एक मला दे की. मोठी रबरं ठेवलीस न्हवं? त्येचं कान माझ्यावरच गेलतं.”