पंढरीचा पुरावा

"या पेटीत काय नाय," धाकलू म्हणाला आणि पेटीवरच बसला.

"हायेत ना कागद," त्याची बायको रखमी चुलीपासून ओरडली. "दंडाचे. जंगलात नांगर धरला म्हणून गार्ड पकडायचा, तवाचे. आता लाजतोय मेला."

स्नेहल उंबऱ्याजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती किन्हवलीची. शहापूरला एका संघटनेत कॉम्प्युटरचं काम बघायची. २००९ साल होतं. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या नावावर करून देणारा कायदा आला होता, पण डिसेंबर २००५च्या आधीपासून कसतोय याचा पुरावा लागत होता. धसईच्या वरच्या अंगाला असलेल्या या पाड्यावरचे एक्केचाळीस दावे सोमवारी ग्रामसभेपुढं जायचे होते.

दाव्यांसाठी तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पाड्यावरून दावा पाठवला की तो शहापूरच्या कॉम्प्युटरवर जमा व्हायचा आणि विचारला की मोबाईलवर हजर व्हायचा. पहिल्यांदा तिनं ठरलेले रकाने केले होते: सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार, तारीख. पाड्यावरच्या भिमीनं पुरावा म्हणून सासऱ्यानं लावलेला आंबा सांगितला आणि तक्ता तिथंच आडवा झाला. मग स्नेहलनं रकाने फेकून दिले आणि नव्या जातीचा डेटाबेस घेतला. त्यात प्रत्येक दावा म्हणजे एक सुटा कागद. ज्याचं जे असेल ते त्यावर. भिमीच्या कागदावर आंबा, बाईजाच्या कागदावर सासूचं थडगं. प्रोग्राम निमूट सगळं घेत होता. माणसं तेवढी अडून बसत होती.

रखमीनं नवऱ्याला ढुंगणानं ढकललं आणि पेटी उघडली. सहा पावत्या निघाल्या. स्नेहलनं पहिली वाचली आणि हसायलाच लागली.

"बाबा, हे सोनं आहे! तुम्ही १९८४ साली इथं नांगरत होता, हे सरकारनंच लिहून दिलंय. शिक्क्यासकट."

"म्हंजे मी चोर हाय, ह्यो पुरावा?"

"जमीन तुमची आहे, हा पुरावा."

धाकलूनं थोडा विचार केला. "चोरी केली म्हणून माल माझा," तो म्हणाला. "चांगला कायदा हाय गो."

संध्याकाळपर्यंत बातमी पाड्यात फिरली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत रांग लागली. जे कागद पंचवीस वर्षं बायका-पोरांपासून दडवले होते, ते आता छाती फुगवून पुढं येत होते. भिमीनं नऊ पावत्या आपटल्या. "आमचा म्हातारा तर पळायचा पण नाय," ती म्हणाली. "गार्ड आला की चा ठेवायला सांगायचा."

स्नेहल एकेक टिपत गेली. शेवटी तिनं मोबाईलवरून प्रोग्रामला विचारलं, पुरावा नसलेले दावे किती? उत्तरात एकच नाव आलं. पंढरी. नावापुढं पुराव्याच्या जागी दोन चौकोनी कंस आणि आत काहीच नाही.

पंढरी धाकलूचा शेजारी. पाड्यातला सगळ्यात चपळ गडी. गार्ड या डोंगरावर दिसला की पंढरी त्या डोंगरावर. आयुष्यात एकदाही सापडला नव्हता. त्याच्याकडं ना आंबा होता, ना थडगं, ना पावती.

"सापडलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही. "मग माझी जमीन जानार?"

"कागद नसेल तर दावा टिकणं कठीण आहे, काका," स्नेहल म्हणाली.

धाकलूनं तिच्या हातातला मोबाईल ओढला आणि त्या कंसांकडं बघत राहिला. "ह्या खोक्यात काय पण चालतं?"

"पंढरीकाकांचं नाव असलेला कुठलाही जुना कागद चालेल."

धाकलूनं बंडीच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. पेटीत सातवा कागदही होता, आणि स्नेहल यायच्या आधीच त्यानं तो काढून घेतला होता. रखमीलाही हे माहीत नव्हतं.

"मोठ्यानं वाच," तो म्हणाला. "माझ्याच्यानं सांगवनार नाय."

तो पंचनामा होता, १९८४ सालचा. स्नेहलनं वाचलं, "आरोपी धाकलू याचेसोबत आणखी एक इसम नांगर धरून होता. सदर इसम फरार. त्याचे नाव पंढरी असल्याचे आरोपी धाकलू याने स्वतःहून सांगितले."

पडवीतले सगळे पंढरीकडं वळले.

त्या दिवशी गार्डानं धाकलूला दिवसभर बसवून ठेवलं होतं. पण गड्यानं माझं नाव घेतलं नाही, हे पंढरी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगत आला होता. दर वर्षी नवं भात आलं की पहिली पायली धाकलूच्या घरी पोचती करत होता. धाकलू ती खात होता.

पंढरी उठला. धाकलूसमोर जाऊन उभा राहिला. धाकलूनं मान खाली घातली आणि डोळे मिटले, थप्पड येणार म्हणून.

"फितूर साला," पंढरी म्हणाला. मग त्याच्या शेजारी धपकन बसला. "माझ्या बापाचं नाव तरी लिवलंय का त्यात? नायतर हापिसात बोलतील, ह्यो पंढरी दुसरा."

"खाली लिवलंय," धाकलू म्हणाला. "मी तर घर पण दाखवलं होतं."