डावी भिंत

मिलिटरीतल्या दादानं आणलेला व्हिडिओ गेम बिघडला होता. रिमोटमधल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्यामुळं टीव्हीवरचा माणूस डाव्या भिंतीलाच धडका देत होता. जयमालानं तारा सोडवून नव्यानं सोल्डर केल्या, तेवढ्यात आईनं “पाव्हणं आलं” म्हणून हाक मारली. ती दचकली आणि सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक बोटाला लागलं. बाहेर तिला बघायला आलेल्यांपुढं तिनं पोहे केले, तर मुलाच्या आत्यानं हातच धरला. “भाजलंय व्हय गं?” “त्या रिमोटचं...” जयमाला बोलायला लागली. “भाकरी पलटताना भाजलं,” आई मधेच म्हणाली. आत्याचा चेहरा खुलला. “कुंडलला आमचं खटल्याचं घर हाय, रोज ढीगभर भाकरी लागत्यात. अशीच पोरगी पायजे हुती. आजच सुपारी फोडू.” जयमालाला सुपारी आणायला आत पाठवलं. आत टीव्ही चालूच होता. तिनं रिमोटचं उजवं बटण दाबलं. माणूस वळला आणि मोकळा पळत सुटला. भाजल्या बोटानंच तिनं टीव्ही बंद केला.