बोलण्याची गाळणी

भाडेकराराची बाकी कागदपत्रं जमली होती. कॉलेजचं पत्र, वडिलांचं हमीपत्र, पोलिसांचा दाखला. वैजयंताला आता फक्त घरमालकिणीशी बोलायचं राहिलं होतं. करारावर अंगठा पडेपर्यंत नाव, गाव, चेहरा झाकून ठेवायचा असा कायदा होता. भाषेवरूनही माणूस ओळखू येऊ नये म्हणून दोघींचं बोलणं यंत्राच्या गाळणीतून साफ होऊन जात होतं.

"स्वयंपाकघर एकच आहे हं. आमटी करता येते का?" मालकिणीने विचारलं.

"कालवण व्हय? येतंय की! समदी बोटं चाटत्यात."

गाळणीने पलीकडे पोचवलेलं वाक्य तिच्याही कानात वाजलं. "आमटी ना? येते तर! सगळे बोटं चाटतात."

"मग ठरलं. अंगठा दे."

वैजयंताचा अंगठा यंत्राच्या काचेपाशी थबकला. याच शहरात दादाने तोंड उघडलं आणि 'खोली गेली' असं उत्तर आलं होतं. त्याच्यासारख्यांसाठीच तर ही गाळणी आली. पण उद्यापासून त्या स्वयंपाकघरात गाळणी कुठून आणायची? वर्षभर तोंड मिटून राहायचं?

तिने गाळणी बंद केली.

"काकी, मी आमटी न्हाई म्हनले, कालवण म्हनले. आमच्यात तसंच म्हनत्यात. आता सांगा, देताय का खोली?"

 पलीकडे खट्कन काहीतरी वाजलं, आणि एक जाडाभरडा, मोकळा आवाज आला.

"आगं माझे बाये, म्या तरी आमटी कवा म्हनले?"