सुतकातली उडी

भोकरदनच्या मैदानावर सकाळी चौदा मुली, वाळूचा एक खड्डा, एक फीत आणि अर्ध्यावर उतरवलेला झेंडा होता. दिल्लीत मोठे नेते वारले, राष्ट्रीय दुखवटा लागला आणि लांब उडीची राज्य निवड चाचणी रद्द झाली. तेरा जणी एसटीकडं निघाल्या. मोनिका खड्ड्यापाशीच थांबली.

“सर, उद्या मला सतरा पूर्ण. मंग ह्या गटात न्हाई बसत मी. पाच मीटर लागतंय ना? आजच घ्या.”

“देशाला सुतक हाय, बाळ. अशात खेळ बरा दिसतो का?”

“माझ्या बापाचा आज तिसरा हाय, सर. घरचे राख सावडायला गेलेत. आईनंच मला इकडं धाडलं.”

सरांची मान खाली गेली. “मोजलं तरी नोंद न्हाई होणार.”

“तरी मोजा.”

ती धावली. सरांनी फीत धरली.

पाच मीटर अकरा सेंटिमीटर.