एकेचाळीस रकाने

रुग्णांना दवाखान्यात ने-आण करणाऱ्या आमच्या संस्थेच्या स्वयंसेवकांच्या संपर्कसूचीत मी चारच रकाने आखले होते: नाव, फोन, मोकळा वार, वाहन. समितीने सहा महिने काथ्याकूट करून त्यांचे एकेचाळीस केले. फोनचा रकाना तेवढा ‘खासगी बाब’ म्हणून उपसमितीच्या विचाराधीन राहिला. आज सूचीचे उद्घाटन होते. अध्यक्ष फीत कापत असतानाच एका रुग्णाच्या लेकीचा फोन आला: “बाबांना डायलिसिसला न्यायची गाडी आलीच नाही हो! दुसरं कुणीतरी पाठवा!” मी संगणक उघडला. वाहनचालकांचे रक्तगट, छंद, मानपत्रे सारे होते, नंबर नव्हता. “मावशी, तुम्ही लिहून ठेवलेले चालकांचे नंबर कुठेत?” कचेरी सांभाळणाऱ्या मावशींनी फोनमागच्या शुभ्र भिंतीकडे बोट दाखवले. “वीस वर्षं इथंच लिहीत होते पेन्सिलनं. अध्यक्षसाहेबांनी काल रंगवून घेतली, पाहुण्यांसाठी.” मग अंबाड्यातला आकडा काढून त्या रंग खरवडू लागल्या. “नऊ... पुढं सात आहे की एक?”