खिशातली डायरी

"त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डुगडुगतो," आईने तपासनिसाला सांगितलं आणि फाइल उघडली.

"या घरात धड खुर्ची एकच आहे. माझी," चाकांच्या खुर्चीवरून आठ वर्षांची लेक म्हणाली.

सरकारी आरोग्य योजनेतून लेकीला रोज पाच तास मदतनीस बाई मिळत होती. लेकीची शाळा आणि आईची नोकरी त्याच पाच तासांवर उभी होती. ते ठेवायचे की कापायचे, हे आजच्या घरपाहणीवर ठरणार होतं. पण आई डगमगणाऱ्यांतली नव्हती. तिने नियमावली इतकी घोटली होती, की कार्यालयातले कारकूनही अडलं की तिलाच विचारत.

धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. लेकीच्या व्यायामकेंद्रात भेटणाऱ्या दुसऱ्या एका आईने बजावलं होतं, "फॉर्मला भुलू नकोस. तपासनिसाच्या खिशातली डायरी निघाली, की तास कापलेच म्हणून समज. माझे तसेच गेले."

तपासनिसाने फॉर्म भरला. जेवण, अंघोळ, कपडे, शाळा. शेवटी 'पाच तास कायम' असं लिहून त्याने तिची सही घेतली. आईचा जीव भांड्यात पडला.

आणि त्याने खिशातून डायरी काढली.

"पायांना आधाराचे पट्टे पहिल्यांदा बांधले, तेव्हा ही रडली का हो?"

"हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"नाही."

"ही नाही रडली. मी रडले."

त्याने तेही लिहून घेतलं.

"सगळ्यात आधी कोणता अर्ज करायचा?"

आई सावध झाली. हे याला माहीत नसेल, असं कसं होईल? "तुम्हीच विचारताय?"

"आमच्याकडे फाइल भरूनच येते. आधीचं आम्हाला दिसत नाही."

"आधी डॉक्टरांचा दाखला, मग व्यायामाचा अर्ज, मग मदतनिसाचा. मी उलटं केलं आणि सहा महिने वाया घालवले."

"आणि डॉक्टर म्हणाले ते घरी कसं सांगितलंत?"

"जेवणं झाल्यावर, सगळ्यांना एकदम. लपवून काय होणार होतं? पोरीचेच दिवस फुकट गेले असते." आता मात्र तिचा पारा चढला. "साहेब, तास कापायचे असतील तर सरळ बोला. आडून आडून विचारू नका. मी अपील करीन आणि जिंकीन."

"जिंकाल तुम्ही," तो म्हणाला, आणि समोरचं पाणीही न पिता निघून गेला.

"काका डायरी विसरले," लेक म्हणाली.

आईने खिडकीतून हाक मारली, पण तो कोपऱ्यावरून वळला होता. तिने डायरी उघडली. काय खोट काढलीये ते कळलं, तर अपील आजच लिहायला घेता आलं असतं.

तिची उत्तरं शब्दन् शब्द उतरवलेली होती. 'दाखला, व्यायाम, मदतनीस' याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि पानाच्या तळाशी, फॉर्मवरच्याच त्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: 'डॉक्टर आपल्या सोनुलीबद्दल म्हणाले ते तिच्या आईला आज सांगायचं. जेवणं झाल्यावर.'